भिंत कोणाची पडते?

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालते. मागच्या वर्षी वाचन संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. तिची शाळेची सहल नुकतीच लोणारला जाऊन आली होती. तिने विचारले, “सर, लोणारला ज्वालामुखी होता ना? तो पुन्हा फुटला तर आपलं काय?” बायामाणसं हसली.

हसण्यासारखे त्यात काही नव्हते. लोणारचा तो गोल खड्डा म्हणजे ज्वालामुखीचे तोंड असावे, असे जुन्या काळी मोठमोठ्या अभ्यासकांनाही वाटत होते. आपल्या पायाखालचा काळा पाषाण खरोखरच लाव्हा थिजून झालेला आहे; पण ते झाले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि ती आग कधीच विझली. लोणारचा खड्डा मात्र आकाशातून येऊन आदळलेल्या उल्केने झाला. तसा आघात झाल्याशिवाय दगडात जे बदल होत नाहीत, ते तिथल्या दगडांत सापडले, म्हणून हे ठरले. लवणासुराला विष्णूने मारले आणि हे तळे झाले, ही कथा सांगणारे अजूनही भेटतात. आपण मात्र कारण शोधणारी माणसे आहोत. तथागतांनी आपल्याला हेच शिकवले, की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि कारण कळले तर दुःख कमी करता येते.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला, “ज्वालामुखी येणार नाही, मग आपल्याकडे काय येईल?” या वेळी कोणी हसले नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आरोग्याच्या पानावर पूर आणि भूकंप कशाला, असे कोणी विचारील. ताप-खोकल्याने माणूस दगावतो तसा भिंतीखालीही दगावतो, आणि वस्तीत भिंतीखाली दगावण्याचा धोका गावातल्या इतर आळ्यांपेक्षा जास्त आहे. एवढे कारण मला पुरेसे वाटते.

भूकंपाचे आधी बोलू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला थोडी मिनिटे असताना किल्लारी हादरली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, लोक थकून गाढ झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या भागात एवढा मोठा भूकंप होईल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पण माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर हात-दोन हात मातीचे माळवद. धक्का बसला, भिंत सुटली, वरची टनावारी माती अंगावर आली. ज्यांचे छप्पर हलके होते, गवताचे, कुडाचे, तिथे जगण्याची आशा जास्त होती. गरिबी माणसाला एखाद्याच वेळी वाचवते, ती अशी.

कोणी म्हणेल, लातूर दूर आहे. पण २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरचे धक्के बसले. हिंगोली म्हणजे आपल्या वाशीमच्या पलीकडचे गाव. त्यात मोठी हानी झाली नाही. किल्लारीसारखे उद्या आपल्याकडे होईल असे मी म्हणत नाही, आणि भूकंपाची तारीख सांगणारा कोणी व्हॉट्सअॅपवर भेटला तर तो खोटारडा समजा. तारीख सांगणे आजवर जगात कोणाला जमलेले नाही. पण घर बांधताना हे डोक्यात ठेवायला पैसा फार लागत नाही.

खरे सांगायचे तर आपल्या वस्तीतल्या भिंती पडायला भूकंप लागतच नाही. पाच-सहा दिवसांची झड लागली की पुरते. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर वीतभर पायावर उभी केलेली मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत दरवर्षी थोडी हलते. वर धाबे असेल तर ते पाणी पिऊन जड होते. मग एके रात्री भिंत बसते, बहुधा झोपेत, बहुधा म्हातारी किंवा लेकरू ज्या कडेला झोपते तीच. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते.

म्हणून पहिली गोष्ट, भिंत वाचायला शिका. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असेल, दोन भिंतींच्या सांध्यात बोट जात असेल, भिंतीचे पोट बाहेर आले असेल किंवा बुडाशी माती ओली होऊन झडत असेल, तर त्या भिंतीला डोके करून झोपू नका. झडीच्या दिवसांत तर त्या खोलीतच झोपू नका. भिंतीच्या बुडाशी मोरीचे पाणी मुरू देऊ नका. भेग वाढते की नाही हे पाहायला तिच्यावर सिमेंटचा लहानसा टिळा लावून ठेवा. तो तडकला तर भिंत अजून हलते आहे.

रमाई आवासचे घरकुल मिळाले असेल तर गवंड्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना फिरलेला सलग सळईचा काँक्रीट पट्टा, आणि चारही कोपऱ्यांत पायापासून वर गेलेली उभी सळई. पेटी बांधायला दोरी लागते, तसा हा पट्टा घराला बांधून ठेवतो. किल्लारीनंतर भूकंपग्रस्त भागात घरे बांधताना अशाच पट्ट्यावर भर दिला गेला. गवंडी म्हणेल, “आपल्याकडं काही गरज नाही.” त्याला म्हणा, टाक. दर्शनी भिंतीला महागडी टाइल लावायला आपल्याकडे पैसे असतात, पट्ट्याला नसतात, हे मी अनेक घरकुलांत पाहिले आहे.

आणि पत्र्यावरचे दगड! आपल्या कोणत्याही वस्तीत जा, टिनपत्रे उडू नयेत म्हणून वर दगड, फुटके जाते, जुना टायर ठेवलेला दिसेल. मे-जूनच्या वादळात पत्रा उचलला जातो आणि तो दगड खाली झोपलेल्याच्या छातीवर येतो. पत्रा हुकाने, नट-बोल्टाने आढ्याला आवळा. ते आज जमत नसेल तर दगडाऐवजी वाळूने अर्धवट भरलेली पोती एकमेकांना बांधून पत्र्यावर दोन्ही बाजूंनी टाका. ही शंभर-दोनशे रुपयांची गोष्ट आहे.

आता पूर. २२ जुलै २०२३ हा दिवस संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतली माणसे विसरणार नाहीत. सातपुड्यात पाऊस कोसळला, नदी-नाल्यांनी पात्र सोडले, घरांत पाणी शिरले, जमिनी खरवडून गेल्या, रस्ते बंद झाले. सातपुड्याच्या पायथ्याला पूर पूर्णेसारखा हळूहळू चढत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असते, डोंगरात पाऊस पडलेला असतो, आणि तासाभरात नाला भरून येतो. नाल्याचे पाणी अचानक गढूळ झाले, काड्या-कचरा वाहून येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली, तर भांडी गोळा करत बसू नका. लेकरे घ्या आणि चढाच्या बाजूला निघा. गुडघाभर वाहते पाणीही माणूस पाडते, आणि पुलावरून पाणी जात असताना मोटारसायकल घालणाऱ्याला शूर म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

पण वस्ती नाल्याकाठीच का आहे, हा प्रश्न आरोग्याच्या पानावर विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गावाची पांढरी उंचावर, आणि महारवाडा उताराला, नाल्याच्या अंगाला, गावाचे सांडपाणी जिकडे वाहते तिकडे. ही जागा निसर्गाने ठरवलेली नाही. मनुस्मृतीची माणसे गेली, नकाशा राहिला. त्यामुळे ‘नैसर्गिक आपत्ती’ हा शब्द मला अर्धाच खरा वाटतो. पाऊस नैसर्गिक आहे. पाणी आधी कोणाच्या चुलीत शिरते, ते नैसर्गिक नाही.

१९३४ साली बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे सांगितले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. वरवर ते बोलणे आपल्या बाजूचे वाटते. पण त्या भूकंपात अस्पृश्यही मेले, मग त्यांचे पाप कोणते? पाप-पुण्याचा हिशेब लावला की भिंतीचा हिशेब राहून जातो. बाबासाहेबांची रीत पाहा. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली दामोदर नदीला मोठा पूर आला. बाबासाहेबांनी त्यावर अभियंते, आकडे आणि योजना यांचे काम लावले. नदीचे पाणी अडवून त्यातून सिंचन आणि वीज कशी करता येईल ते पाहिले. पुढे १९४८ साली झालेल्या दामोदर खोरे महामंडळाचा पाया त्या कामात आहे. जादा पाणी म्हणजे संकट असे मानू नये, ते साठवून वापरावे, हे त्यांनी ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलतानाही मांडले होते.

पूर ओसरला की आपल्या पानाचे खरे काम सुरू होते. पुराच्या रात्रीपेक्षा नंतरचे पंधरा दिवस कधीकधी जास्त माणसे आजारी पाडतात. विहिरीत, हातपंपात, नळाच्या फुटक्या पाइपात संडासाचे पाणी मिसळते. पाणी गढूळ असेल तर सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळा, मग खळखळून उकळा, किंवा आशाताईंकडून क्लोरीनचे औषध घेऊन तिने सांगितल्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झाले, हा गैरसमज आहे; तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट, शिगोशीग नाही. लेकराला घोट-घोट पाजत राहा, अंगावरचे दूध बंद करू नका, आणि दवाखान्यातून झिंकच्या गोळ्या मिळाल्या तर जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्या.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात तर पाण्याचे दुखणे बाराही महिने आहे आणि घराघरांत किडनीचे रुग्ण आहेत. ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांच्या घरच्यांनी पावसाळा लागण्याआधीच ठरवावे की रस्ता बंद पडला तर कोणत्या बाजूने आणि कोणाच्या गाडीने जायचे. जास्त पावसाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच शहरातल्या नातेवाइकाकडे जाऊन राहिलेले बरे. पुराच्या दिवसांत अंगदुखीसाठी दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. त्या किडनीला घात करतात.

सिकलसेलबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण विदर्भात आपल्या समाजात हा आजार पुष्कळ घरांत आहे आणि आपत्तीच्या सरकारी पुस्तिकांत त्याचे नावही नसते. सिकलसेलच्या रुग्णाला थंडीत भिजणे, पाणी कमी पडणे आणि ताप, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. पुराच्या रात्री हे तिन्ही एकत्र येतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ४४-४५ अंशांत पाणी कमी पडले तरी तेच. म्हणून घर सोडायची वेळ आली तर लाल कार्डवाल्या लेकराला आधी कोरडे कपडे, आधी कांबळे, आधी पाणी. त्याच्या गोळ्या आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला टांगलेले असावे. ताप आला किंवा छातीत दुखू लागले तर सकाळची वाट पाहू नका. मधुमेह, टीबी, फिट्स यांच्या गोळ्याही त्याच पिशवीत, निदान आठवड्याभराच्या.

पाणी चढले की सापही कोरडी जागा शोधत आपल्याच घरात येतात. साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका; हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून सर्पदंशाचा रुग्ण आधी बाबाकडे आणि मग दवाखान्यात गेला, असे अजूनही घडते. मला हे लिहिताना लाज वाटते, पण घडते. तसेच विजेचे. निंदायला गेलेल्या बाया पाऊस आला की बाभळीखाली, लिंबाखाली एकत्र उभ्या राहतात. गडगडाट ऐकू आला की झाड सोडायचे, पक्क्या घरात जायचे, तेही जवळ नसेल तर एकमेकींपासून लांब होऊन पाय जुळवून उकिडवे बसायचे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छातीवर जोरजोरात दाब द्यायला लागा. मातीत पुरून ठेवण्याचा उपाय जिवंत माणसाला मारणारा आहे.

आता कागदाचे. ही गोष्ट मी जवळून पाहिली आहे. एका वस्तीत झडीने अकरा घरे बसली. पंचनाम्याला आलेल्या माणसाने चार घरांची नावे लिहिली आणि उरलेल्यांना सांगितले, “तुमची जागा अतिक्रमणात आहे.” पन्नास वर्षे राहत असलेली घरे! पडझडीच्या मदतीत बांधकाम अधिकृत आहे की नाही हे पाहिले जाते, आणि गायरानावरच्या आपल्या घरांना तिथेच खोडा बसतो. पिकाची मदत सातबारा असलेल्याला मिळते. त्याच शेतात निंदण करणाऱ्या बाईची महिनाभराची मजुरी बुडते, ती कोणत्या रकान्यात लिहायची? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. तो जमिनीचा प्रश्न दर पावसाळ्यात आपल्या दारी पाण्यासोबत येतो. ज्यांना भूमिहीन सत्याग्रहाचा इतिहास फक्त जयंतीच्या भाषणात आठवतो, त्यांनी गायरानाच्या नियमानुकूल करण्याच्या अर्जांना हातभार लावला तर बरे होईल.

तोपर्यंत एवढे करता येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून शहरातल्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. पावसाळ्याआधी घराचा चारही बाजूंनी फोटो घ्या, पडल्यावर पुन्हा घ्या. पंचनाम्यावर नाव नसेल तर त्याच आठवड्यात तहसीलदारांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. घरात कोणी आपत्तीत गेले तर दुःखाच्या भरात अंत्यविधी उरकू नका; पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय वारसाला मिळणारी चार लाखांची मदत अडकते. आणि मदत वाटताना जात पाहिली गेली, तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६१ ने त्याला मनाई आहे, हे वाक्य अर्जात लिहा. हे कलम शोभेला नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत दलितांना छावण्यांत वेगळे ठेवल्याच्या, पाण्याच्या टाकीवर येऊ न दिल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. चवदार तळ्याला तेव्हा ७७ वर्षे होऊन गेली होती.

राहिला विहार. बहुतेक वस्त्यांत विहार हीच एक पक्की, स्लॅबची इमारत आहे. पण ती रात्री कुलपात असते आणि किल्ली एका माणसाकडे. पुराच्या रात्री तो माणूस लग्नाला गेलेला असला तर? किल्ल्या तीन घरांत असाव्यात, त्यातले एक घर महिला मंडळाच्या बाईचे. विहार स्वतः नाल्याच्या उतारात असेल तर कोणती शाळा, कोणाची गच्ची, हे आधी विचारून ठेवावे. विहारात जाड दोर, दोन बॅटऱ्या, शिटी, ताडपत्री, दोनशे लिटरची झाकणाची टाकी, क्लोरीनचे औषध आणि ओआरएसची पाकिटे एवढे तरी असावे. खर्चाचे म्हणाल तर १४ एप्रिलच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे काढून बघा. डीजेवर बोलले की तरुण मंडळी रागावतात, ठाऊक आहे. त्याच तरुण मंडळींच्या हातात तो दोर द्यायचा आहे, म्हणून त्यांनाच सांगतो.

आमच्या विहारात त्या मुलीच्या प्रश्नानंतर पुढच्या रविवारी एक यादी झाली. वस्तीत म्हातारी एकटी राहणारी माणसे किती, गरोदर बाया कोण, लाल कार्ड कोणाकडे, चालता न येणारे कोण, आणि त्या प्रत्येकाला रात्री उठवून नेणारे दोघे कोण. यादी त्या मुलीनेच लिहिली, वहीच्या दुरेघी पानावर. खाली तिने १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, १०८ आणि ११२ असे मोठ्या अक्षरात लिहिले, आणि ते पान बुद्धरूपाशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे. ओल चढून एका कोपऱ्याची शाई फुटली होती, म्हणून या आषाढ पौर्णिमेला नवे पान लिहायचे ठरले आहे. मधल्या काळात वस्तीत दोन बाळंतपणे झाली आणि एक म्हातारबा गेले, तीही दुरुस्ती त्यात करायची आहे.